बागेसाठी माणसं जोडायची तर

पालिकेच्या बागांसाठी रहिवासी आणि कंपन्या जोडून आणायचं काम मी रत्नागिरीत करते. तुम्हाला यात यायचं असेल तर आधी आठवडाभर संध्याकाळी वही घेऊन बागेत नुसतं बसा. कोण कुठल्या बाकावर टेकतं, पोरं कुठल्या नळाला तोंड लावतात, आज्ज्या कुठल्या पायरीशी अडखळतात, सगळं टिपा. आमच्याकडे बायका साडेसहालाच बागेतून उठून जायच्या. विचारलं तर कळलं, शौचालयाकडचा दिवा बंद! कंपनीकडे पहिली मागणी दिव्याचीच केली.

२०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. पर्यावरण त्यात बसतं. पण करारात रोपं किती, याच्या आधी एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार ते लिहून घ्या. एका कंपनीने पावसाळ्यात थाटात रोपं लावली, शिमग्यापर्यंत निम्मी वाळली. अजून जीव हळहळतो. आता मी खाऱ्या वाऱ्यात टिकणाऱ्या उंडीच्या झाडाची रोपं मागते, आणि प्रत्येक रोपापुढे ते सांभाळणाऱ्या शेजारच्या घराचं नाव वहीत लिहिते.

शिक्षण समाजकार्याचं असो की वनस्पतिशास्त्राचं, चालतं. मराठीत एका पानाचं स्वच्छ पत्र मात्र लिहिता यायलाच हवं. मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर तेच जातं.