एक विनोदी, एक पराक्रमी : जुन्या मालिकांचा रविवार घरी कसा आखावा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा बाबाजीपुऱ्यातील मराठी घरांत आजही तीन पिढ्या एका टीव्हीसमोर बसू शकतात. अडचण एवढीच की तिन्ही पिढ्यांना एकच गोष्ट पाहायची नसते. आजीआजोबांना ‘ये जो है जिंदगी’ आठवते, आईवडिलांना शक्तिमान आठवतो आणि नातवंडांना अमेरिकी महानायकांच्या (सुपरहीरोंच्या) ताज्या चित्रपटांपलीकडचे काही ठाऊक नसते. या सर्वांना दर रविवारी तासभर एकत्र बसवायचे असेल, तर एक विनोदी भाग आणि त्याला जोडून महानायकाचा एक भाग, ही जोडी मला सर्वांत टिकाऊ वाटते. ती कशी आखावी, हे पुढे सांगितले आहे.

ही जोडी वाटते तितकी विजोड नाही. ॲडम वेस्ट यांची ‘बॅटमॅन’ मालिका जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि त्याच वर्षी एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांत तिला नामांकन मिळाले ते सर्वोत्तम विनोदी मालिका या गटात. आपल्याकडे १९९७ मध्ये आलेल्या ‘शक्तिमान’मध्येही पराक्रमाइतकाच वेळ चष्मा लावलेल्या, दात पुढे आलेल्या, बावळट गंगाधरच्या फजितीत जातो. दोन्ही प्रकारांत ठरलेली जागा, ठरलेले वाक्य आणि प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेले गुपित असते. गंगाधर कोण आहे हे आपल्याला माहीत असते, पण शेजारी उभ्या असलेल्या पत्रकार गीता विश्वासला माहीत नसते, आणि हसू व उत्कंठा दोन्ही त्याच फटीतून येतात.

क्रम मात्र पक्का ठेवावा: आधी विनोदी भाग, मग महानायक. विनोदी मालिकेचा भाग बहुधा स्वतंत्र असतो, त्यामुळे स्वयंपाकघर आवरून दहा मिनिटे उशिरा आलेल्या माणसालाही त्यात सामील होता येते. महानायकाच्या कथेत मागच्या भागाचा धागा असतो आणि तो सुटला तर पुढचे सगळे निरर्थक वाटते. शिवाय मुलांचे लक्ष महानायकाकडे असल्याने ती विनोदी भागाच्या वेळी उठून जात नाहीत. यात थोडा कावा आहे, हे मान्य आहे. वेळ संध्याकाळच्या चहाची ठेवावी. ‘शक्तिमान’ रविवारी दुपारी बाराच्या सुमारास लागत असे, म्हणून तीच वेळ पाळण्याचा हट्ट काही चाहते धरतात, पण त्या वेळी घरातील निदान एक माणूस कणकेत हात घालून उभे असते आणि त्याला वगळून केलेला कार्यक्रम कौटुंबिक म्हणता येत नाही. खायला हिरवा चिवडा ठेवावा. सेव उसळ हातात घेऊन पडद्याकडे पाहणे सतरंजीला परवडत नाही.

मालिकांची निवड हा या कामाचा खरा गाभा आहे. आरंभ लहान मालिकेने करावा. जसपाल भट्टी यांच्या १९८९ च्या ‘फ्लॉप शो’चे भाग दहाच आहेत, प्रत्येक भाग एखाद्या सरकारी वा सामाजिक दुखण्यावर आहे, आणि भागाच्या सुरुवातीची ती तिरकस अर्पणपत्रिका ऐकताच घरातील निवृत्त नोकरदार सरसावून बसतात. दहा रविवारांत एक मालिका पुरी झाली की घराला सवय लागते. त्यानंतर १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’ घ्यावी. तिचे लेखन हिंदीतील नामवंत व्यंगकार शरद जोशी यांचे होते. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांचे घर तेच राहते, मात्र सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात नव्या माणसाचे सोंग घेऊन येतात. ‘आज ते कोण होऊन येतील?’ एवढा एक प्रश्न मुलांना आधी विचारून ठेवला, तर भाषेतील बारकावे न कळताही त्यांना भाग रमवतो. या मालिकेबरोबर ‘शक्तिमान’चे सुरुवातीचे भाग चांगले शोभतात, कारण दोन्हीकडे एका नटाने अनेक रूपे घेण्याचा खेळ आहे.

एक जोडी मला विशेष प्रिय आहे. १९८५ च्या ‘रजनी’मध्ये प्रिया तेंडुलकर यांची गृहिणी गॅस सिलिंडरपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांच्या मनमानीशी भांडते. तिच्या अंगावर झूल (केप) नाही, ती उडत नाही, तरीही तिला मी महानायकांतच धरतो. अन्याय दिसला की ती हजर होते आणि काम झाल्यावर घरी परतते, याहून निराळे बॅटमॅन तरी काय करतो? तिच्या जोडीला १९९५ मध्ये झी टीव्हीवर आलेली ‘हम पांच’ लावावी. तेथे त्याच प्रिया तेंडुलकर दिवंगत पहिल्या पत्नीच्या भूमिकेत भिंतीवरच्या तसबिरीतून बोलतात आणि पाच मुलींच्या गराड्यात सापडलेले अशोक सराफ खाली उभे राहून ते ऐकून घेतात. मराठी ज्येष्ठांसाठी अशोक सराफ यांचा चेहरा हेच पुरेसे आमंत्रण असते. तसबिरीच्या चौकटीत केवळ खांद्यापर्यंत दिसणाऱ्या अभिनेत्रीने नजर आणि आवाज यांवर प्रसंग कसा पेलला आहे, हे मुलांना मुद्दाम दाखवावे.

एकत्र कुटुंबाची हौस असेल तर १९९३ ची ‘देख भाई देख’ आणि तिच्याबरोबर १९९८ ची केतन मेहता दिग्दर्शित ‘कॅप्टन व्योम’ अशी जोडी करावी. एकीकडे एका छपराखाली तीन पिढ्यांची दाटी, दुसरीकडे मिलिंद सोमण अंतराळात पळालेल्या कैद्यांच्या मागे. मालिका मिळवताना अधिकृत वाटच धरावी. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा मंच सुरू केला आहे आणि दूरदर्शनच्या संग्रहातील बरेच साहित्य यूट्यूबवरही अधिकृतपणे ठेवलेले आहे. रविवारी ऐन वेळी शोधत बसू नये. शुक्रवारी भाग लावून आवाज आणि चित्र तपासून ठेवावे.

बडोदेकर मराठी माणसाने चिमणरावांना वगळणे बरे दिसणार नाही. चिं. वि. जोशी बडोदे कॉलेजात पाली शिकवत होते, म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुण्याचे असले तरी त्यांचा जन्मदाता आपल्या गावात राहत होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने या कथांवर कृष्णधवल मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तिचा भाग हाताशी नसेल, तर त्या रविवारी विनोदी भागाच्या जागी मूळ कथाच मोठ्याने वाचावी. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकांचा विभाग आहे. वाचन घरातील ज्याचा आवाज खणखणीत असेल त्याच्याकडे द्यावे, आणि वीस मिनिटांत संपेल अशीच कथा निवडावी.

‘बॅटमॅन’साठी एक अपवाद करावा लागतो. पहिल्या दोन पर्वांत ही मालिका आठवड्यातून सलग दोन दिवस लागत असे: बुधवारी नायक एखाद्या भयंकर यंत्रात अडकलेला सोडायचा आणि गुरुवारी त्याला सोडवायचे. हे दोन भाग एका बैठकीत पाहिले तर अडकवण्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून पहिला भाग शनिवारी आणि दुसरा रविवारी लावावा, आणि मधल्या रात्री सुटकेचा मार्ग कोणता असेल यावर मुलांना खुशाल पैजा लावू द्याव्यात. एकंदरीतच या मालिका आठवड्याच्या अंतराने पाहण्यासाठी लिहिलेल्या आहेत. ओळीने पाच भाग पाहिले की शीर्षकगीत, ठरलेले वाक्य आणि शेवटचा उपदेश यांचा वीट येतो आणि दोष मात्र मालिकेला दिला जातो.

आता टीव्हीची मांडणी. जुन्या मालिकांची चौकट चारास तीन या प्रमाणाची आहे आणि आजचा पडदा सोळास नऊचा. टीव्ही आपणहून चित्र ताणतो आणि शक्तिमान गरगर फिरताना आडवा पसरलेला दिसतो. रिमोटवरून चित्राच्या आकाराच्या यादीत जाऊन ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्याव्यात. ‘झूम’ निवडू नये, कारण त्यात डोक्यांचे वरचे भाग कापले जातात आणि विनोदी नटाची भुवई हे त्याचे अर्धे भांडवल असते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय प्रत्येक कंपनी निराळ्या नावाने देते. ती बंद करावी. ‘शार्पनेस’ बराच खाली आणावा, नाहीतर प्रत्येक माणसाभोवती पांढरी कड उमटते. आवाज मुळात एकाच वाहिनीचा असल्याने ‘सराउंड’ काढून संवाद स्पष्ट करणारा पर्याय लावावा. ज्येष्ठांना याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

ज्यांच्या माळ्यावर त्या काळी टीव्हीवरून मुद्रित केलेल्या व्हीएचएस कॅसेट आहेत, त्यांनी विलंब करू नये. व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू यंत्रे दिवसेंदिवस कमीच होणार. कॅसेट प्रथम उजेडात धरावी आणि पारदर्शक खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड पाहावी. ती एकसारखी काळी आणि चकचकीत असेल तर ठीक. पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये, कारण तीच बुरशी यंत्रातील फीत वाचणाऱ्या हेडवरून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ज्या घरांच्या तळमजल्यांत शिरले, तेथील भिजलेल्या कॅसेट तर जाणकाराकडेच द्याव्यात. चांगल्या कॅसेटच्या कण्यावरील प्लास्टिकचा लहान चौकोनी तुकडा स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवावी; वर्षानुवर्षे पडून राहिल्याने फीत कुठे घट्ट तर कुठे सैल झालेली असते, ती सारखी होते. व्हीसीआरच्या पिवळ्या आणि पांढऱ्या वायरी यूएसबी कॅप्चरच्या पट्टीला (व्हीसीआरचे चित्र संगणकात उतरवणाऱ्या छोट्या यंत्राला) जोडून संगणकावर पाल पद्धत (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची चित्रपद्धत), ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी हे पर्याय ठेवावेत. मधल्या जाहिराती कापू नयेत. मालिका आज ना उद्या कुठेतरी मिळेल, पण त्या संध्याकाळच्या जाहिराती, बातम्यांची घोषणा आणि ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी फक्त आपल्याच फितीवर असेल. ही प्रत घरापुरती ठेवावी, इंटरनेटवर चढवू नये.

मुले हसतील, याची तयारी असावी. शक्तिमान उडतो तेव्हा त्याच्याभोवतीची निळसर कड आणि मागचे न हलणारे आकाश पाहून ती हसणारच; त्यांना दटावू नये. भाग संपल्यावर तोच प्रसंग थांबवून, हे कसे केले असेल, हे त्यांनाच विचारावे. एकरंगी पडद्यासमोर नटाला उभे करून त्या रंगाच्या जागी दुसरे चित्र बसवण्याची ही युक्ती आजच्या महागड्या चित्रपटांतही आहे, फक्त कड दिसत नाही. ‘बॅटमॅन’मधील भिंत चढण्याचा प्रसंग त्याहून गमतीचा आहे: भिंत जमिनीवर आडवी मांडलेली असे, कॅमेरा कलता केलेला असे, नट वाकून चालत असत आणि त्यांच्या झुली दोरीने ताणून धरलेल्या असत. मोबाइल आडवा धरून आणि सतरंजीवर भिंत मांडून हा प्रयोग घरी दहा मिनिटांत होतो. त्याआधीच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ या मालिकेच्या कृष्णधवल भागांत जॉर्ज रीव्ह्ज यांचा पोशाख निळा-लाल नव्हता. पडद्यावर करड्या छटा नीट उमटाव्यात म्हणून तो तपकिरी आणि राखाडी शिवला होता. मात्र लहान मुलांना उंचावरून उडी मारण्याची नक्कल करू नये, हे आधीच सांगावे. ‘शक्तिमान’च्या काळात यावरून मोठा वाद झाला होता आणि खुद्द मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना तसे बजावावे लागले होते.

नवरात्रीच्या नऊ रात्री आणि उत्तरायणाचे दोन दिवस हा कार्यक्रम ठेवूच नये, बडोद्यात त्या दिवसांत घरात कोणी सापडत नाही. त्यानंतर पुन्हा बसताना मागील कथा एखाद्या मुलाकडून सर्वांना सांगवून घ्यावी. मालिका पूर्ण पाहण्याचे व्रतही घेऊ नये. ‘शक्तिमान’ २००५ पर्यंत चालला, त्याचे शेकडो भाग आहेत आणि पुढेपुढे कथा तेच ते वळण घेते. ‘बॅटमॅन’चे तिसरे पर्व आठवड्याला एका भागावर आले आणि मार्च १९६८ मध्ये मालिका संपली, ती घसरण पडद्यावरही दिसते. सलग दोन रविवार कोणी भागाच्या मध्येच मोबाइल हातात घेतला, तर ती मालिका तेथेच थांबवावी आणि पुढच्या रविवारी नवी लावावी, शक्यतो तिच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या भागापासून, कारण पहिला भाग बहुतेक वेळा पात्रांची ओळख करून देण्यातच खर्ची पडलेला असतो.