सिसबेंच बांधायला बसण्यापूर्वी

सिसबेंच म्हणजे डेटाबेसवर भार टाकून त्याचा वेग मोजणारं साधन. ते सोर्सवरून बांधायचं तर आधी पॅकेजं: मेक, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग, लिबएआयओ-डेव्ह. ही सगळे टाकतातच. लुआजिट (चाचणीच्या लुआ स्क्रिप्ट चालवणारं इंजिन) शोधत बसू नका, ते सोर्ससोबतच येतं.

आता लिबपीक्यू-डेव्ह, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या लिबपीक्यू लायब्ररीच्या, बिल्डला लागणाऱ्या फाइली. पोस्टग्रेस तपासायचं असेल तर हे हवंच, आणि कॉन्फिगरला (बिल्डआधी तयारी करणारी स्क्रिप्ट) विथ-पीजीएसक्यूएल द्यायचंच. सिसबेंच मूळचं मायएसक्यूएलवाल्यांचं, त्यामुळे मायएसक्यूएलचा ड्रायव्हर (त्या डेटाबेसशी जोडणारा भाग) न मागता धरला जातो आणि त्याच्या लायब्ररी सापडल्या नाहीत की कॉन्फिगर तिथेच अडून बसतं. नको असेल तर विदाउट-मायएसक्यूएल द्या. पोस्टग्रेसचं मात्र तुम्ही मागितलं नाही, तर ते चकार शब्द काढत नाही. बिल्ड मुकाट्याने पार पडतो.

माझाही पडला होता. लॅपटॉपवर व्हर्जन विचारलं, आकडा आला, समाधान झालं. रात्री साडेअकराला सर्व्हरवर कमांड मारली तर ‘इनव्हॅलिड डेटाबेस ड्रायव्हर नेम: पीजीएसक्यूएल’. त्या मशीनला इंटरनेट नाही, लिबपीक्यू-डेव्ह नाही, आणि चाचणीसाठी मिळालेले चार तास सुरू झालेले. ते तसेच गेले.

म्हणून व्हर्जन बघून उठू नका. सिसबेंच हेल्प मारा आणि ‘कम्पाइल्ड-इन डेटाबेस ड्रायव्हर्स’ या ओळीखाली पीजीएसक्यूएल दिसतंय का ते डोळ्यांनी वाचा. नसेल तर मेक डिस्टक्लीन, आणि पुन्हा कॉन्फिगर, विथ-पीजीएसक्यूएलसकट. जिथे चालवायचंय त्याच मशीनवर हेल्प पुन्हा बघा. हो, पुन्हा. लॅपटॉपवर लिबपीक्यू असते म्हणून सर्व्हरवर असेलच असं नाही.

मशीनवर डिस्ट्रोचं जुनं सिसबेंच असेल तर व्हिच मारून कुठलं चालतंय ते बघा. आपलं यूएसआर-लोकल-बिनमध्ये जातं. उठलंय तिसरंच कुठलं तर शेलला हॅश-आर द्या, म्हणजे ते लक्षात ठेवलेला जुना पत्ता विसरेल.

बाकी नेहमीचंच. डीबी-ड्रायव्हर लिहा. थ्रेड मुळात 1, वेळ 10 सेकंद, टेबलात 10,000 ओळी. यावर काढलेला आकडा कुणाला दाखवू नका, हे तिन्ही वाढवा. आधी प्रिपेअर (टेबलं भरायला), मग रन (चाचणी), शेवटी क्लीनअप (टेबलं पुसायला).

आणि लिबपीक्यू-डेव्हची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, तिला लागणाऱ्या पॅकेजांसकट.