इंजिन नवं बांधलं, पण ऑइलचा दिवा विझेना

वडिलांच्या मारुती ८००चं इंजिन पूर्ण उघडून बांधलं. रिंगा नव्या, बेअरिंगं नवी. पहिल्याच सेल्फला चालू झालं, पण ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा तसाच. पाच सेकंदांत बंद केलं. नवी बेअरिंगं कोरडी फिरली तर सगळ्या कामावर पाणी.

दिव्याचा स्विच काढून त्याच जागी प्रेशर दाखवणारा मेकॅनिकल गेज लावला. प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवलं. काटा जेमतेम ५ पीएसआयवर आणि सारखा थरथरत होता. त्या थरथरीनेच मला वाट दाखवली. बेअरिंगचा गॅप जास्त असता तर थंड, दाट ऑइलवर प्रेशर बरं दिसलं असतं आणि इंजिन तापल्यावर पडलं असतं. इथे थंडपणीच काटा नाचत होता, म्हणजे पंप ऑइलबरोबर हवा ओढत असणार.

खात्रीसाठी लिटरभर ऑइल जादा घातलं, म्हणजे पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा सांधा बुडावा आणि तिथून हवा शिरू नये. पुन्हा फक्त स्टार्टरवर फिरवलं. (इतक्या ऑइलवर इंजिन चालू करू नका, क्रँक घुसळून फेस करतो.) काटा वर चढला आणि स्थिरावला!

ऑइल काढून इंजिनखालचा ऑइल चेंबर उतरवला. स्ट्रेनरची (ऑइल गाळणाऱ्या जाळीची) नळी पंपाला बसते तिथली ओ-रिंग (रबरी कडी) बसवताना चिमटली होती, एका कडेला नखाएवढी कापलेली. एक बेअरिंग कॅप उघडून पाहिलं, ओरखडा नव्हता. तेव्हा जिवात जीव आला.

नवी ओ-रिंग ऑइल लावून हाताने बसवली, फिल्टर भरून लावला. दिवा दोन सेकंदांत विझला.