परमिट रूम आणि वाईन शॉपचं नूतनीकरण: मार्चअखेरच्या या चुका टाळा

दारूविक्रीच्या अनुज्ञप्तीचं, म्हणजे परवान्याचं, वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं. तरीही कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या सरकारी कार्यालयांत फायली घेऊन पळापळ सुरू होते ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच. 'फी भरली की झालं' हा समज याच्या मुळाशी आहे. फी भरणं हे त्यातलं सोपं काम. प्रकरण अडतं ते कागदावरचा बार आणि जागेवरचा बार वेगळे निघतात तेव्हा.

नकाशा न बघता पाडलेली भिंत

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात जास्त होते. फॅमिली रूम वाढवायची म्हणून किचनची भिंत तीन फूट मागे सरकते. काउंटर दाराजवळून आत जातो. उन्हाळ्यात गच्चीवर चार टेबलं लागतात, ती पावसाळ्यापर्यंत तिथंच राहतात. मग राज्य उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक मंजूर नकाशा आणि टेप घेऊन येतात. मालक म्हणतो, "जागा माझीच आहे की!" जागा तुमचीच आहे, पण अनुज्ञप्ती सात-बाऱ्याला किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्याला मिळालेली नसते. नकाशात दाखवलेल्या खोल्यांना मिळालेली असते. गच्चीवर ठेवलेला एक ग्लाससुद्धा त्या रेषेच्या बाहेरची विक्री ठरतो. विसंगती प्रकरण (अनुज्ञप्तीच्या अटी मोडल्याचं प्रकरण) नोंदवलं जातं आणि ऐन मार्चमध्ये खुलासे लिहीत बसावं लागतं.

उपाय साधा आहे. जानेवारीत स्वतः टेप धरा. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, काउंटर, साठ्याची खोली आणि दारं नकाशाशी ताडून पाहा. फरक निघाला तर बदलाच्या मंजुरीचा अर्ज वेगळा करा आणि मंजुरी येईपर्यंत जागा पहिल्यासारखी करून ठेवा. नूतनीकरणाच्या अर्जातच बदल 'सरकवून' देण्याची युक्ती कुणी सांगितली तर त्याचं ऐकू नका.

चलनाचा घोळ

फी ग्रास या सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर भरायची, मुख्य लेखाशीर्ष 0039, राज्य उत्पादन शुल्क. घोळ होतो तो कार्यालय निवडताना. घाईत दुसऱ्या जिल्ह्याचं कार्यालय निवडलं की पैसे सरकारजमा होतात, पण इथल्या कार्यालयाला ते चलन वापरता येत नाही. परताव्याचा अर्ज एकीकडे आणि इथं नव्यानं पूर्ण फी दुसरीकडे, अशी दुहेरी ओढ बसते. दुसरा घोळ नावाचा. चलनावर अनुज्ञप्तीधारकाचं नाव हवं, मॅनेजरचं किंवा एजंटाचं नव्हे. एजंटाच्या खात्यातून भरणा करणं हा आळशीपणा आहे आणि त्याची किंमत तुम्हीच मोजता.

शिवाय 31 मार्चला साइटवर गर्दी असते. बँकेतून रक्कम वजा होते, पण चलन 'पेंडिंग' दिसत राहतं, आणि 1 एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद. दहा मार्चच्या आत भरणा करा आणि जीआरएन (भरण्याचा सरकारी क्रमांक) असलेली चलनाची प्रत त्याच दिवशी फायलीत लावा.

साठा नोंदवही

750 मिलीच्या बाटलीत 30 मिलीचे 25 पेग. रात्री उघडी बाटली 'अंदाजे अर्धी' म्हणून लिहिली की आठवड्यात हिशेब हलतो. दुकान बंद करताना मापानं मोजून ब्रँडनिहाय लिहा. महिन्याची वही एका बैठकीत भरलेली लगेच ओळखू येते, कारण पानभर शाई एकसारखी असते.

गोवा बनावटीची एकही बाटली काउंटरमागे नको, पाहुण्यानं प्रेमानं आणलेली असली तरी.

नोकरनामे, म्हणजे कामावरच्या माणसाच्या नावाची परवानगी. वेटर बदलला की नवा नोकरनामा काढा. गेल्या वर्षीचा चालत नाही.

वारस नोंद. वडील जाऊन दोन वर्षं झाली आणि अर्जावर सही अजून त्यांचीच! असं कधीही करू नका. हा गुन्हा आहे. वारसांच्या नावाचा अर्ज आधी करा.

अग्निशमन. फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. मार्चमध्ये मागची तारीख टाकून घेऊ नका. घरफाळ्याची चालू पावतीही त्याच फायलीत ठेवा.

उचगाव, पाचगाव म्हणजे शहर नव्हे

बस शहराचीच येते, पण हद्द ग्रामपंचायतीची आहे. अनुज्ञप्ती फी लोकसंख्येवर ठरते, म्हणून हद्द चुकली की फीही चुकते. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या दुकानदारांनी तर जुने कागद जपायलाच हवेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 डिसेंबर 2016 च्या आदेशानं महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको ही अट आली, 31 मार्च 2017 ला 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या हद्दीत ती 220 मीटर झाली. आपलं दुकान कुठल्या आदेशानं पुन्हा उघडलं त्याची प्रत आणि मोजणीचा नकाशा फायलीत असू द्या.

गावाची तक्रार हलक्यात घेणं ही आणखी एक चूक. 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदानाची प्रक्रिया सुरू होऊ शकते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. बायाबापड्यांना दुकानासमोरून मान खाली घालून जावं लागत असेल तर त्यांचा राग रास्तच आहे. रस्त्यावर बाटली उघडणारं गिऱ्हाईक आणि आडव्या लावलेल्या गाड्या पहिल्या तक्रारीलाच हटवा.

एवढं करूनही 31 मार्चच्या रात्रीपर्यंत नूतनीकरण हातात पडलं नाही, तर साठा मोजा, वही बंद करा आणि 1 एप्रिलला शटर खालीच ठेवा. 'अर्ज दिलाय' म्हणून केलेली विक्री ही विनापरवाना विक्रीच असते आणि तिला 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम 65(ई) लागतं.