संडास सारखा चोक होतोय? ॲसिड ओतायच्या आधी या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या घरी दीड वर्ष हाच त्रास होता. दर पंधरा-वीस दिवसांनी कमोड तुंबायचं, पाणी कडेपर्यंत चढायचं, आणि आईला गुडघ्यांमुळे इंडियन सीटवर बसता येत नाही म्हणून तर ते बसवलेलं, त्यामुळे सगळ्यात जास्त हाल तिचेच. दर वेळी आम्ही ॲसिडची बाटली आणायचो. शेवटी सीट उखडली तर खालच्या वळणात टाइलचा बोटभर तुकडा आडवा अडकलेला, बाथरूमचं काम चालू असताना पडलेला, आणि येणारं सगळं त्यालाच अडकत होतं. टाइल काय ॲसिडने विरघळणार? म्हणून घरात काम निघालं की कमोडचं तोंड गोणपाट कोंबून बंद करा आणि मिस्त्रीला घमेलं तिथे धुवू देऊ नका.

आमची मोठी चूक म्हणजे अडकलंय कुठे हे कधी बघितलंच नाही. बघणं सोपं आहे हो, बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडा. संडास भरलेला आणि चेंबर कोरडं, म्हणजे बोळा घरातच आहे, सीटच्या वळणात नाहीतर मधल्या पाइपात. चेंबरच काठोकाठ भरलं असेल तर अडचण पुढच्या लाइनीत आहे, तिथे कमोडमधे काहीही ओतून उपयोग नाही. आणि संडासात पाणी टाकल्यावर बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येत असतील तरी समजा की दोघांची मिळून जी लाइन आहे ती चोक आहे.

ॲसिडबद्दल कळकळीने सांगते. ते क्षारांवर चालतं, कापडावर, प्लॅस्टिकवर नाही. तुंबलेल्या पाण्यात ओतलं की ते तिथेच साचून राहतं आणि मग पंप मारताना तोंडावर उडतं. त्यात कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो, त्यामुळे दोन्ही एकत्र कधीच नाही.

आता पाणी. आपल्याकडे नर्मदा येते ती जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून, आणि बऱ्याच भागांत एक दिवसाआड, म्हणून पाणी जपून वापरायची सवय आपल्या हाडात मुरलेली आहे आणि ती चांगलीच आहे, पण संडासात ती उलटते. फ्लशच्या टाकीत पाण्याची बाटली ठेवायची, मोठ्या कामालाही छोटंच बटण दाबायचं, किंवा मगाने थोडं थोडं पाणी टाकायचं, यात सीट स्वच्छ दिसते पण मैला पाइपात अर्ध्यावर थांबतो, वाळतो आणि थरावर थर चढतो. दोन बटणांच्या टाकीत साधारण ३ आणि ६ लिटर पाणी असतं, मोठ्या कामाला मोठंच बटण लागतं. बादलीने टाकत असाल तर एका दमात ओता, कारण ढकलायला जोर लागतो. कपडे धुतलेलं पाणी वापरलं तरी चालेल, फक्त धागे, बटणं गाळून घ्या.

बोरिंगचं पाणी असेल तर आणखी एक भानगड, कमोडच्या कडेखालची भोकं क्षारांनी बुजतात आणि फ्लशचा जोरच जातो. अशा वेळी, म्हणजे संडास मोकळा असताना, टॉयलेट क्लीनर लावून ब्रशने घासायला हरकत नाही.

काय टाकू नये हे सगळ्यांना माहीत असतं तरी टाकलं जातं: सॅनिटरी पॅड, डायपर, केसांचे गुंतवळे, शांपूचे पाउच, उरलेली भाजी. पॅड तर पाणी पिऊन फुगतो आणि डाटच बसतो. वेट वाइप्सच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते टॉयलेट पेपरसारखे पाण्यात सुटत नाहीत. निगमच्या कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्याचा डबा वेगळा आहे, कागदात गुंडाळून तिथे द्या. घरात पाहुणे असले की संडासात झाकणाचा डबा ठेवा, मुलींना विचारायला संकोच वाटतो.

रबरी पंप वापरताना रबर पाण्यात पूर्ण बुडायला हवं. पहिला दाब हळू द्या म्हणजे आतली हवा निघेल, मग पंधरा-वीस वेळा दाबा-ओढा, ओढण्यानेही बोळा सुटतो. तरी नाही सुटला तर प्लंबरची स्प्रिंग. सळई घालू नका, सीट तडकते.

एवढं करूनही परत परत होत असेल तर पाइपाचा ढाळ तपासून घ्या, जुन्या घरात कमोड सरकवून बसवलेलं असलं की ढाळ हमखास कमी पडतो. सेप्टिक टँक असेल तर तो दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो, भरला की घरातले सगळे संडास सावकाश उतरायला लागतात. उपसायला मशीनची गाडीच बोलवा, १४४२० या हेल्पलाइनवर फोन करता येतो. आत माणूस उतरवू नका, स्वस्तात करतो म्हणाला तरी नाही. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय असं काम करवून घ्यायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे.