पावसाची वही उघडण्याआधी

वळवाची पहिली सर आली की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी पाऊस मोजणाऱ्या आमच्या गटावर फोटोंचा पाऊस सुरू होतो. तळहातावरच्या गारा, मोडून पडलेली शेवग्याची फांदी, अंगणात वाहणारं तांबडं पाणी, सगळं येतं. त्या सरीत पाणी नेमकं किती पडलं, हे सांगणारा मात्र दहांत एखादाच, कारण बाकीच्यांची पर्जन्यमापकं अजून माळ्यावर पडलेली असतात. म्हणून यंदा तयारीची यादी लवकर पाठवतोय. वळीव तुमच्या सोयीनं येत नाही आणि मॉन्सूनही येत नाही. २०२५ साली तर मे महिना संपायच्या आतच तो मुंबईपर्यंत पोचला होता आणि आमच्यातले निम्मे लोक तेव्हा लग्नाच्या पंगतीत होते.

नव्या मंडळींसाठी आधी थोडक्यात, एवढा खटाटोप कशाला ते. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळला ५०० च्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापटीचा फरक. मधल्या पट्ट्यात तर एका गल्लीत गटारं तुंबतात आणि दुसऱ्या गल्लीत वाळवणं तशीच राहतात. हा अनुभव आपल्याच गावचा आहे असं नाही. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये असाच पूर आला. शहराच्या एका टोकाला फूटभराहून जास्त पाऊस आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या पासंगालाही नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी घरोघरी साधी मापकं ठेवून नोंदी घ्यायला सुरुवात केली, तेच आजचं कोकोराझ (CoCoRaHS), स्वयंसेवकांचं पाऊस मोजणारं जाळं. आपण त्यांच्याकडून दोन गोष्टी उचलल्या आहेत, घरचं मापक आणि कोरडेपणाचा सातपायरी शेरा. शेऱ्याचं पुढं सांगतो.

पहिली गोष्ट, मापक. विकतचं असेल तर माळ्यावरून काढा, धुवा आणि उन्हात धरून तडा गेलाय का बघा. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी नरसाळं खास घासून घ्यावं. पाचट पेटवल्याची काजळी आणि गुऱ्हाळाची राख मिळून त्याच्या तोंडाशी असा काही थर जमतो की पहिल्या दोन पावसांचं पाणी खाली उतरतच नाही. घरी बनवणार असाल तर नुसतं नरसाळं आणि बाटली एवढ्यावर भागवू नका. जोराच्या पावसात थेंब नरसाळ्याच्या उतारावर आपटून बाहेर उडतात. प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा मागून घ्या (फुकट देतात), तो नरसाळ्यावर उभा बसवा आणि सांधा एम-सीलनं बंद करा. पाइपची वरची कड काटकोनात कापलेली हवी, तिरकी नको.

आता एकदाच करायचा हिशोब. पाइपचा आतला व्यास मोजा. समजा १०.४ सेंटिमीटर भरला, तर तोंडाचं क्षेत्रफळ ८५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे बाटलीत ८.५ मिली पाणी जमलं की १ मिलिमीटर पाऊस झाला. रोज मिली मोजायचे आणि ८.५ नं भागायचं, बस. आतला व्यास असं मुद्दाम म्हणतोय, कारण पहिल्या वर्षी मी बाहेरचा ११ सेंटिमीटर धरला आणि जूनभर माझ्या अंगणात सगळ्या कॉलनीपेक्षा दहा टक्के पाऊस कमी पडत राहिला. मी त्याची कारणंही शोधली होती. शेजारचा आंबा, वाऱ्याची दिशा वगैरे. शेवटी गटातल्या एका आठवीतल्या पोरानं पट्टी लावून दाखवली. मोजायला १०० मिलीचं मोजपात्र घ्या आणि बारीक पावसासाठी औषधाची सिरिंज. पात्र सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा आणि पाण्याचा खोलगट तळ जिथं टेकतो तो आकडा घ्यायचा, काचेला चढलेली कड नाही.

बाटली शहरात दोन लिटरची पुरते. वरच्या मापानं तिच्यात २३५ मिलिमीटर मावतात, आणि हवामान खात्याच्या भाषेत २०४.४ च्या वर गेलं की 'अत्यंत मुसळधार'. तो दिवस शहरात क्वचितच येतो. पण गगनबावडा, राधानगरी, दाजीपूरकडच्या मंडळींनी पाच लिटरचा कॅनच लावावा. बाटली ओसंडली तर त्या दिवसाची नोंद हातची गेली. नंतर अंदाजानं आकडा टाकण्यात काही अर्थ नाही.

जागेवरून दरवर्षी भांडण होतं. नियम एवढाच की झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवं. शहरात एवढी मोकळी जागा कोणाकडं आहे, हा प्रश्न बरोबर आहे. गच्चीवर ठेवलं तर चालेल का? नाइलाज असेल तर चालेल, पण कठड्यापासून लांब, गच्चीच्या मध्यावर, आणि वहीच्या पहिल्या पानावर 'गच्ची, दुसरा मजला' असं स्पष्ट लिहून. गच्चीवर वारा भोवरे घेतो आणि पाऊस थोडा कमी भरतो. ते एकदा माहीत असलं की चालतं. वर्षाच्या मध्ये जागा बदलणं मात्र चालत नाही. बदललीच तर तारीख लिहा.

मापक वाचायची वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खात्याचा दिवस तिथंच पलटतो. १५ तारखेला सकाळी जे मोजाल ते आदल्या २४ तासांचं, पण लिहायचं १५ च्याच रकान्यात. नोकरीमुळं साडेसात जमत असेल तर साडेसात, फक्त रोज तीच वेळ धरा. तीन दिवस गावाला गेलात आणि येऊन बघितलं तर ४८ मिलिमीटर साठलेत, तर '३ दिवसांचे मिळून ४८' असं लिहा. सोळा-सोळा-सोळा असं वाटून टाकू नका. असा न्यायी पाऊस अजून कुठं पडलेला नाही.

वही दोनशेपानी, लिहायला पेन्सिल. पेनाची शाई जुलैत पानावरून पळते. वहीला जाड प्लॅस्टिकची पिशवी हवी आणि पेन्सिल दोऱ्यानं वहीलाच बांधलेली हवी, नाहीतर ती घरातल्या दुसरीतल्या मुलीच्या दप्तरात सापडते. रकाने असे: तारीख, वेळ, मिली, मिलिमीटर, शेरा. जागा उरली तर नक्षत्राचा एक रकाना घाला. मृग ७-८ जूनला लागतं, पुढचं कॅलेंडरात असतंच. कारण गावाकडं माहिती विचारायला गेलात की 'जुलैचा तिसरा आठवडा' कुणाच्या लक्षात नसतो. तरणा पाऊस (पुनर्वसू) कसा झाला, म्हाताऱ्यानं (पुष्य) किती झोडपलं, आसळका (आश्लेषा) कोरड्या गेल्या का, असं विचारलं तर वीस वर्षांमागचंही सांगतात. गटावर आकडा टाकायचा तो वहीत लिहून झाल्यावर. मोबाइल पाण्यात पडतो, वही सहसा पडत नाही.

आता या यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि तिला सामान काहीच लागत नाही. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं.

हे सोपं वाटतं. ऑगस्ट २०२३ आठवा. १९०१ पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. त्या महिन्याच्या आमच्या वह्या सप्टेंबरात गोळा केल्या तर पानंच्या पानं रिकामी. रिकामं म्हणजे पाऊस नव्हता, की माणूस जागेवर नव्हता? कुणालाच सांगता येईना. माझ्याच वहीत मघा नक्षत्राचे पाच दिवस कोरे होते, आणि मी त्या दिवसांत पुण्याला गेलो होतो की घरीच होतो हे मला अजूनही आठवत नाही. नेमका जो महिना नोंदवायला हवा होता तोच हातातून गेला. शिरोळकडच्या एका मामांना मी तेव्हा फोन केला होता.

"पाऊसच पडंना झालाय, तर लिवायचं काय त्यात?"

"शून्य लिवायचं, मामा."

"रोज शून्य? बायको हसंल की."

"हसू द्या. पण लिवा."

मामांनी पुढच्या वर्षापासून लिहायला घेतलं, आणि आता त्यांच्या वहीत शून्याच्या शेजारी 'उसाची पानं दुपारी गुंडाळली', 'काळ्या रानात बोट जाईल एवढी भेग' असे शेरे असतात. आम्हाला हवं होतं ते हेच. थेंबभर पडून मोजण्याइतकं जमलं नसेल तर 'शिंतोडे' लिहा, शून्य नको. २.५ मिलिमीटर आणि त्यापुढं झालं तरच हवामान खातं त्याला पावसाचा दिवस म्हणतं, पण आपल्याला शिंतोडेही हवेत.

कोरडेपणाचा शेरा आठवड्यातून एकदा, रविवारी. पायऱ्या सात: अतिकोरडं, कोरडं, थोडं कोरडं, नेहमीसारखं, थोडं ओलं, ओलं, अतिओलं. 'नेहमीसारखं' म्हणजे या आठवड्यात तुमच्या जागी एरवी जसं असतं तसं. म्हणून मे महिन्यात रान करपलेलं असलं तरी ते नेहमीसारखंच ठरू शकतं आणि जुलैत चार दिवस ऊन पडलं तर गगनबावड्यात ते 'थोडं कोरडं' होतं. पायरीपेक्षा तिच्यापुढची दोन वाक्यं जास्त कामाची. ओढा वाहतोय की डबकी उरलीत, विहिरीचं पाणी काठापासून किती खाली गेलं (दगड बांधलेल्या सुताला हातहातभर गाठी मारून ठेवा), बोअर किती वेळ चालते, टँकर फिरतोय का, वैरण विकत आणावी लागतेय का. कळंबा, रंकाळा किंवा जवळचा कुठलाही तलाव असेल तर एकच दगड, एकच पायरी ठरवा आणि दर रविवारी तिथूनच फोटो काढा. सूर्यास्त आला नाही तरी चालेल.

झाडांसाठी तयारी कमी, चिकाटी जास्त. रोजच्या वाटेवरचं एक झाड निवडा, बागेत पाइपनं पाणी मिळणारं नको. बहावा, पळस, पांगारा, सावर, करंज, जांभूळ, आंबा यातलं एखादं. खोडाला खिळा ठोकू नका, रंगाचा ठिपका पुरे. आठवड्यातून एकदा ठरल्या वारी बघायचं: पालवी, जून पानं, पिवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकापुढं 'नाही', 'थोडं', 'भरपूर' यापैकी एक शब्द. मान वर करून दोन मिनिटं बघितलं की होतं. बहावा फुलला हे सगळे सांगतात. पहिली फुलं कधी आली आणि शेवटची कधी झडली, हे ज्याच्याकडं असेल त्याची वही खरी.

पहिल्या दिसण्याच्या तारखांसाठी वहीचं शेवटचं पान मोकळं ठेवा. पावशाची पहिली हाक, चातक, मृगाचा तांबडा मखमली किडा (पाय मोजा, आठ असतात, म्हणून तो किडा नव्हेच), राधानगरीकडचे काजवे, पहिला टाकळा, पहिलं करटोलं. ऊसवाल्यांनी भुंगेऱ्यांकडं विशेष लक्ष द्यावं. पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी ते जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि त्यांचीच पिल्लं म्हणजे पुढं मुळं खाणारी हुमणी. ती तारीख आणि त्याआधीचा पाऊस तुमच्या वहीत शेजारीशेजारी असेल तर तो गावातल्या दहा जणांच्या कामाचा आहे.

एक खुलासा आधीच करतो, कारण दरवर्षी कुणीतरी आशेनं विचारतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर भरले की अतिवृष्टी धरतात, पण तो आकडा मंडळाच्या सरकारी केंद्राचा लागतो. आपली वही पीकनुकसानीच्या पंचनाम्याला चालत नाही. कुणा शेतकऱ्याला तसं सांगून बसू नका.

आणि जिवाचं. वीज चमकत असताना गच्चीवर जायचं नाही, मापकाला तुमची घाई नाही. नदी वाढली की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला जायचं नाही, ती घरबसल्या कळते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहेत. शहरात ऊन पडलेलं असताना पंचगंगा पात्राबाहेर येते आणि नवखे गोंधळतात. पाणी इथल्या पावसाचं नसतंच, घाटमाथ्यावरचं असतं. म्हणूनच गगनबावड्याचा आणि राधानगरीचा आकडा सकाळी नऊच्या आत गटावर यायला हवा, बाकीच्यांचा दुपारपर्यंत आला तरी चालेल.

राहता राहिला बदली माणूस. तुम्ही परगावी असाल तेव्हा वाचणारं कोणीतरी आत्ताच ठरवा आणि त्यांच्याकडून निदान दोनदा करून घ्या: मापकात मोजून पाणी ओता, आकडा त्यांना काढू द्या. मी शेजारच्या काकूंना असंच एकदा दाखवून ठेवलं होतं. गेल्या वर्षी चार दिवसांनी परत आलो तर वहीत चारही नोंदी, वेळेसकट. तिसऱ्या दिवशीच्या शून्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, "चष्मा लावून बघितलं. खरंच काही नाही."