जानेवारीत पऱ्हाटी उभी दिसली की मला जुलैतली डोमकळी दिसते

कास्तकार भाऊ, डिसेंबर अर्धा सरला. तिसरा वेचा झाला असेल नाहीतर चालू असेल, आणि दरवर्षी यायचे तेच फोन आता यायला लागलेत, की विहिरीला पाणी आहे, भाव जरा बरा दिसतोय, एक-दोन ओलीत देऊन फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन उभं ठेवलेलं कपाशीचं पीक) घेऊ का. नका घेऊ. खालचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण ३१ डिसेंबरच्या आत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, वावरातून काढा, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाते.

आत्ता बोंडात जी गुलाबी अळी आहे ती सप्टेंबरातल्या अळीसारखी वागत नाही. दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या की ती पूर्ण वाढूनही कोषात जायची घाई करत नाही, दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवते आणि मधल्या पोकळीत झोपून जाते. याला सुप्तावस्था म्हणतात आणि या अवस्थेत ती महिनोन्‌महिने काही न खाता राहते. उभ्या पऱ्हाटीवरची किडकी बोंडं, धुऱ्यावर रचलेला ढीग, घरातला कवडी कापूस, जिनिंगमधली (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली) सरकी, कुठेही. मग उन्हाळा सरून पाऊस पडला, ओल मिळाली की पतंग बाहेर.

आता इथे निसर्गानं आपल्याला एक सोय दिलेली आहे आणि ती आपण हातानं घालवतो. या किडीला आपल्याकडे कपाशी सोडली तर पोट भरायला दुसरं फारसं काही नाही. हिरव्या बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो, हिला नाही चालत. म्हणून जूनमध्ये निघालेल्या पतंगाला पाती-फुलं असलेली कपाशी मिळालीच नाही तर तो दोन आठवड्यांच्या आत-बाहेर मरून जातो, पुढची पिढीच होत नाही. शास्त्रज्ञ याला आत्मघाती उदय म्हणतात. पाच-सहा महिने वावरात कपाशी नसणं हेच औषध, पैसा लागत नाही. फरदड ठेवली की ही साखळी मार्च-एप्रिलपर्यंत ओढली जाते, आणि वरून कोणी मेमध्ये ठिबकवर कपाशी टोबली की जूनच्या पतंगांना ताट वाढून ठेवल्यासारखं होतं.

आमच्या भागात एका गावात मी हे सलग तीन वर्षं पाहिलं. कालव्याला पाणी आलं म्हणून दोघा-तिघांनी फेब्रुवारीअखेर पऱ्हाटी ठेवली, एकरी दोन-तीन क्विंटल डागी कापूस निघाला, मजुरी वजा जाता हातात फार काही उरलं नाही, आणि पुढच्या हंगामात सगळ्यात आधी डोमकळ्या (आत अळी असल्यानं न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुलं) दिसल्या त्या त्यांच्या धुऱ्याला लागून असलेल्या वावरांत, ज्यांनी बिचाऱ्यांनी वेळेवर पीक काढलं होतं. शेजाऱ्याची फरदड आपल्याला भोवते, म्हणून हा सल्ला एकट्यानं पाळून अर्धाच उपयोग होतो.

बीटी (झाडातच अळीसाठी विष तयार होणारी कपाशी) असून अळी का येते हे लोक अजून विचारतात. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या ठराविक प्रथिनांना जाऊन चिकटतं तेव्हाच काम करतं, कुलूप-किल्लीसारखं. आपल्याकडे क्राय१एसी नावाचं विष असलेलं बीटी २००२ ला आलं, आणि २०१० मध्ये बियाणं बनवणाऱ्या कंपनीनंच मान्य केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट जिल्ह्यांत गुलाबी अळी त्याला दाद देत नाही. दोन जनुकांचं बीजी-२ २००६ पासून होतं, तेही २०१४-१५ पर्यंत गुजरातेत ढासळलं आणि २०१७ ला आपल्याकडे महाराष्ट्रात या अळीनं कपाशीचं काय केलं ते सांगायला नको. २०१४ साली छापून आलेल्या संशोधनात भारतातल्या अळ्यांचं कॅडहेरिन नावाचं जनुक तपासलं तर ते एका नाही अनेक वेगवेगळ्या प्रकारांनी बिघडलेलं निघालं, म्हणजे कुलूप बदललं, जुनी किल्ली बसेना. २०१८ ला दुसऱ्या विषासाठी, क्राय२एबीसाठी, एबीसीए२ या जनुकात तसाच बिघाड सापडला. आणि झाड जसं म्हातारं होतं तसं त्यातलं विष कमी होत जातं, म्हणजे फरदडीच्या बोंडात अळीला थोडंसंच विष मिळतं, त्यातून जी वाचते तिचीच पिल्लं पुढे येतात.

हीच अळी, हेच बीटी, पण अमेरिकेत उलटं घडलं. तिथे ती १९१७ ला टेक्सासमध्ये सापडली होती, शंभर वर्षं छळलं. १९९६ ला बीटी आल्यावर ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बाजूला बिगर-बीटी कपाशी खरोखर लावली (तिच्यावर वाढलेले साधे पतंग विषाला दाद न देणाऱ्या पतंगांशी जुळले की प्रतिकारशक्ती पसरत नाही), पऱ्हाटी ठरलेल्या तारखेच्या आत गाडली, २००६ पासून विमानातून अब्जावधी वंध्य पतंग सोडले, आणि २०१८ ला त्यांच्या कृषी खात्यानं अळी संपल्याचं जाहीर केलं. २०२१ च्या अभ्यासात दाखवलंय की नुसतं बीटी किंवा नुसते वंध्य पतंग यातून हे झालं नसतं, दोन्ही मिळून झालं. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात शेतकरी संकरित वाणाच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं लावायला लागले, त्यात चौथा हिस्सा झाडं आपोआप बिगर-बीटी निघतात, आणि तिथे वाढत चाललेली प्रतिकारशक्ती मागे हटली, हे २०१७ ला छापून आलं. म्हणून मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडेही पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची आणि ती बहुतेकांनी धुऱ्यावर फेकली, मीही पहिली दोन वर्षं लावली नव्हती. आता ते बियाणं पाकिटातच मिसळून येतं, त्यामुळे तो विषय आपल्या हातात फारसा राहिला नाही. आपल्या हातात राहिलंय ते एकच, पऱ्हाटी.

आत्ताची कामं:
- शेवटचा वेचा स्वच्छ, किडकी बोंडं वेगळ्या पोत्यात
- पोतं जाळा किंवा खोल गाडा
- शेळ्या-मेंढ्या, जनावरं वावरात सोडा, उरलेली हिरवी बोंडं खाऊ द्या (नुकती फवारणी केली असेल तर नाही)
- पऱ्हाटी मुळासकट उपटा किंवा श्रेडरनं बारीक करून मातीत मिसळा
- ओलीत बंद
- मार्च-एप्रिलात खोल नांगरट
- पुढे त्या वावरात कपाशीवर कपाशी नको, जमत असेल तर सोयाबीन-तूर

जळणासाठी पऱ्हाटी लागते हे मला माहीत आहे, घराघरांत चूल आहे. पण मग बोंडं झोडून काढून जाळा आणि नुसत्या काड्या ठेवा, त्याही जूनच्या आधी संपतील एवढ्याच. बोंडांसकट ढीग गोठ्यामागे रचून ठेवला तर तो जूनपर्यंत अळीचा गोठा होतो.

पुढच्या हंगामासाठी थोडक्यात. पेरणी मेमध्ये नाही, चांगला पाऊस झाल्यावर जूनमध्येच, कमी दिवसांचं वाण. पेरणीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग धरणारे), गोळी वेळेवर बदला. सलग ३ रात्री एका सापळ्यात ८ पतंग आले, किंवा १० टक्के फुलं डोमकळी झाली, किंवा एकरी २० हिरवी बोंडं फोडून २ मध्ये अळी निघाली, की मगच फवारणी. बोंडं वरून पाहून कळत नाही, छिद्र बुजून जातं, फोडावीच लागतात. आधी ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून त्यात १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणचुरा, एकूण १०० लिटर करा. ट्रायकोकार्ड (किडीची अंडी मारणाऱ्या बारीक मित्रकीटकाचं कार्ड) मिळालं तर एकरी ६० हजार अंडी, मात्र त्या आठवड्यात रासायनिक काही मारू नका. पातळी ओलांडलीच तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, १० लिटरला ४ ग्रॅम. पायरेथ्रॉइड गटातलं औषध नोव्हेंबरच्या आधी मारलं की पांढरी माशी उसळते. अमावस्येच्या आसपास सापळ्यात पतंग जास्त येतात असा माझा अंदाज आहे, म्हणून त्या चार दिवसांत मी डोमकळ्या जरा बारकाईनं शोधतो. डोमकळी दिसली की तोडून चुरडा, खिशात पिशवी ठेवा.

कृषी केंद्रात गेलात की तीन बाटल्यांचा कॉम्बो समोर येईल, एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक, सगळं एकाच पंपात. घेऊ नका. अळी बोंडात शिरल्यावर फवाऱ्याचं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, मग बाटली कितीही महाग असो. कोणी बीजी-३, बीजी-४ म्हणून बिनबिलाचं पाकीट देत असेल तर तेही नको, तसलं बियाणं आपल्याकडे मंजूरच नाही, ते बहुतेक तणनाशक सहन करणारं असतं आणि त्याचा गुलाबी अळी रोखण्याशी काही संबंध नाही. मिश्रणं मारायच्या नादात माणसं गेलीत. २०१७ ला एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त जीव गेले, शेकडो दवाखान्यात होते. माणसाच्या उंचीइतक्या कपाशीत, वाऱ्याच्या उलट दिशेनं, उघड्या अंगानं फवारणी करायची नाही, मजुरालाही करू द्यायची नाही.

तर या आठवड्यात एवढं करा, ग्रामपंचायतीत किंवा पारावर बसून गावाची एक तारीख ठरवा, श्रेडर भाड्यानं मिळतंय का बघा, दहा-बारा जणांनी मिळून आणलं तर परवडतं. गावाजवळ जिनिंग असेल तर मालकाला भेटून आवारात सापळे लावायला सांगा आणि सरकीचा कचरा उघड्यावर पडू देऊ नका म्हणावं. ज्यांची फरदडीची तयारी झालीय, पाइप पसरलेत, त्यांच्याकडे आधी जा, आणि जाताना त्यांच्याच वावरातली दहा बोंडं फोडून हातावर ठेवा, आत झोपलेली अळी त्यांना स्वतः बघू द्या.